सायकल-खरेदी : एक कार्यपद्धती

बुलढाण्यात रोज कचेरीला जाण्यासाठी सायकल घ्यायची असे ज्याच्या मनाने घेतले, त्याने ही गोष्ट आधी घरात बोलू नये. घरात कळले की शेजारी कळते, आणि 'त्यांचा पगार थांबला म्हणे' ही बातमी दिवे लागायच्या आत जयस्तंभ चौकात पोचते. सायकल आधी, खुलासा नंतर.

पुढची पायरी भूगोलाची. हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर बसले आहे. मलकापूरहून नवी सायकल चालवतच आणू म्हणणारा मोताळ्यापर्यंत शीळ घालत येतो. राजूर घाटात मात्र सायकल त्याला आणत नाही, तो सायकलीला आणतो. दोष त्याच्या छातीचा नाही, दात्यांचा आहे. काळ्या डबल बार सायकलीला पुढे ४४ किंवा ४८ दाते, मागे १८, चाक २८ इंची. पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच-सहा मीटर अंतर कापले जाते. सपाटीवर ही चाल राजेशाही. चढावर तिची वसुली गुडघ्यांकडून होते. गावातल्या चढ-उतारांना मागे २० किंवा २२ दात्यांचा फ्रीव्हील बसवून घ्यावा. गिअरची सायकल परवडत असेल तर प्रश्नच मिटला.

दुकानदार अर्थातच दुसरे काही दाखवेल. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आणि पुढे-मागे शॉकअप. स्वस्तातल्या सायकलीत हे शॉकअप म्हणजे नुसते वजन. पायडलवर दिलेला जोर आधी स्प्रिंग खाते, उरले तर चाकाला मिळते. उमेदवाराने कौतुकाने मान हलवावी आणि मडगार्ड व टायर यांच्यामध्ये दोन बोटे घालून पाहावीत. बोटे अडकली तर सायकल परत ठेवावी. नांदुरा-जळगाव जामोदकडच्या पूर्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात एकदा उतरलेल्याला कारण सांगावे लागत नाही: चिखल फटीत भरतो, चाक फिरायचे थांबते आणि माणूस काडी शोधू लागतो.

कंपनीच्या नावाला भुलू नये. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलसने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. मुहूर्त याला म्हणतात. तरी जुन्या अ‍ॅटलसचे फारसे अडत नाही. या काळ्या सायकलींची मापे बरीचशी सारखीच, लुधियानाचा कोणताही सुटा भाग चालून जातो. तेव्हा सल्ला घ्यायचा तो दुकानदाराचा नव्हे, पंक्चरवाल्याचा. त्याच्या पेटीत ज्या मापाची ट्यूब आणि ब्रेकचे रबर आहे, तीच सायकल उत्तम.

त्याचे काम एकदा उभे राहून पाहावे. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधणे कोणालाही जमते. कसबी माणूस त्यानंतर टायरच्या आतून हळूच बोट फिरवतो, बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक नखाने उपटतो आणि आधीच्या कारागिराचा उद्धार करतो : "काटा अंदरच राह्यला होता भाऊ!"

मापाबाबत अभिमान सोडावा. दांडा ढेंगेत घेऊन दोन्ही तळपाय जमिनीवर टेकले पाहिजेत. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. मे महिन्यात काळी सीट उन्हात ठेवू नये. हा नियम सगळे पहिल्याच दिवशी शिकतात.

एवढे करूनही निर्णय होत नसेल तर सकाळी शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभे राहावे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. बिनदांड्याची, चेनकव्हरची, पुढे टोपली असलेली ही सायकल दप्तर, डबा आणि मागे बसलेली मैत्रीण घेऊन खेड्यातून रोज शाळा गाठते. कोणत्याही मासिकाने याहून कडक चाचणी घेतलेली नाही. कारकुनाने निमूट तशीच विकत घ्यावी. कोणी विचारलेच तर मुलीची आहे म्हणावे. मुलगी नसल्यास भाचीची.