नानांची विंडो

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक स्टूल. त्यावर तीन पुडांचा स्टीलचा डबा, एक सॅक आणि शिंप्याची टेप. मागे भिंतीवर कालनिर्णय. कलाकार मनगटावरच्या घड्याळाकडे बघतच प्रवेश करतो.)

मंडळी, डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, नाना राहतात. वय ५४. नोकरी फोर्टात, विमा कंपनीत. वजन सांगायला नानांची ना नाही. फक्त सांगताना आधी ते बुटांचं वजा करतात, मग पाकिटाचं, मग चष्म्याचं.

तर एका रविवारी रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांचा मेसेज पडला : 'उद्यापासून सोळा-आठ.' एवढंच. तळमजल्यावरच्या काकांना वाटलं, सोळा तास पाणी बंद. त्यांनी रातोरात दोन पिंपं, चार बादल्या आणि पुरणाचं पातेलं भरून ठेवलं.

पाण्याचा काही संबंध नव्हता. दिवसाचे सोळा तास तोंड बंद, आठ तास उघडं, हा तो हिशेब. दुपारी बारा ते रात्री आठ ही नानांची खाण्याची विंडो. बाकीच्या वेळात पाणी आणि कोरा चहा, बिनसाखरेचा. पहिला कोरा चहा नानांनी प्यायला तेव्हा त्यांच्या बायकोला, माईंना वाटलं, यांना जावयाचा फोन आला.

खरं तर त्या घरात वादाची बीजं जुनीच. महाराष्ट्रात २०१८च्या आसपास दीक्षित विरुद्ध दिवेकर असा सामना पेटला होता, आठवतो ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल त्या दोन वेळीच जेवा, आणि ५५ मिनिटांच्या आत पानावरून उठा. मध्ये पाणी, पातळ ताक चालेल. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, भाताला आणि तुपाला भिऊ नका. नाना पहिल्या पक्षात, माई दुसऱ्या. एका छपराखाली दोन पक्ष नांदणं महाराष्ट्राला नवीन नाही, तेही निभावलं असतं. घोळ झाला तो ५५ मिनिटांचा. डॉक्टरांनी सांगितलं ५५ मिनिटांत उरका. नानांनी ऐकलं, ५५ मिनिटं जेवा! चाळिसाव्या मिनिटाला पोट तुडुंब, कपाळाला घाम, तरी उठायला तयार नाहीत. "अजून पंधरा मिनिटं आहेत, वाढ एक पोळी." तीस वर्षं विम्यात काढलेला माणूस, मुदतीआधी पॉलिसी मोडेल कसा?

दीक्षित आणखी एक सांगतात. सुरू करण्याआधी रक्त तपासा, उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीएवनसी. ते नानांनी ऐकलंच नाही. तेवढ्यात पोळी आली असावी.

पुढे दोन वेळांवरून नाना सोळा-आठवर आले, कारण त्यात मिनिटं मोजायला लागत नाहीत. पण लोकलची मोजायला लागतात.

(कलाकार सॅक छातीवर अडकवतो, एक हात वर कडीला.)

सीएसएमटीहून सात-पाचची फास्ट. ठाणं यायला पावणेआठ होऊन जातात, डोंबिवलीला आठ वाजून बारा. म्हणजे विंडो बंद होते ती नेमकी ठाणं आणि डोंबिवलीच्या मध्ये. पहिल्याच दिवशी गाडीतल्या ग्रुपातल्या एकाने विचारलं, "नाना, विंडो मिळाली का?"

"मिळाली. बारा ते आठ."

"आठ तास विंडोला? रिटर्न मारता की काय?"

लोकलमध्ये विंडो म्हणजे एकच. नानांनी खुलासा केला, आणि सात पन्नासला ठाण्याची गर्दी आत शिरत असताना डबा उघडला. उभ्या उभ्या. एका हातात कडी, दुसऱ्यात डबा, तोंडात डब्याची किल्ली. पण डोंबिवली फास्टची माणसं वाईट नाहीत हो! चौथी सीट मागताना भांडतील, पण माणूस उपाशी म्हटल्यावर एकाने आमटीचा पूड धरला, तोही दोन्ही हातांनी, पूजेला बसल्यासारखा. दुसऱ्याने पोळ्या धरल्या. तिसऱ्याने लोणचं धरलं, आणि खाल्लं. गाडी हलली की आमटी डावीकडे, अख्खी रांग उजवीकडे. सात अठ्ठावन्नला भात निघाला. "नाना, दोन मिनिटं!" मागून कोणीतरी सेकंद मोजायला लागलं. शेवटचा घास आठच्या ठोक्याला गेला आणि डब्यात टाळ्या पडल्या. दारात लटकलेल्यांना वाटलं, कोणीतरी पडता पडता वाचला.

नाना घरी आले तर माईंनी भरली वांगी केलेली. नाना म्हणाले, "विंडो बंद." माई काही बोलल्या नाहीत. झाकण काढून कढई तशीच ओट्यावर ठेवली. साडेनऊला नाना म्हणाले, "मीठ कसंय, बघू का?" मीठ बघणं जेवणात धरत नाहीत. त्या रात्री नानांनी चार वांग्यांचं मीठ बघितलं.

(सॅक उतरवतो.)

आता संशोधन. ग्रुपात एक पोरगा आहे, फार्मसीला. नाना त्याला म्हणाले, "अरे, अमेरिकेत सिद्ध झालंय!" पोरग्याने फोन काढला. सॅन फ्रान्सिस्कोचा अभ्यास, २०२० सालचा. ११६ माणसं, बारा आठवडे, आणि विंडो थेट नानांचीच, दुपारी बारा ते रात्री आठ. विंडोवाल्यांचं सरासरी वजन उतरलं ०.९४ किलो. तीन वेळा रीतसर जेवणाऱ्यांचं ०.६८. फरक २६० ग्रॅम.

"म्हणजे पाव किलो," आमटीवाला म्हणाला. "नाना, पाव किलोसाठी तीन महिने मी आमटी धरायची?"

तोही फरक संशोधकांच्या लेखी योगायोगात जमा. वर, विंडोवाल्यांचं जे उतरलं त्यात चरबीपेक्षा स्नायूंसारख्या ऐवजाचाच वाटा मोठा निघाला. नाना कसले हरतात! त्यांनी चीन काढला. ग्वांगझूचा अभ्यास, २०२२, १३९ लठ्ठ माणसं, पूर्ण एक वर्ष. विंडो सकाळी आठ ते दुपारी चार. वजन उतरलं सरासरी ८ किलो! नानांनी डब्यात असं बघितलं, जणू आठही किलो त्यांचेच. पोरगा म्हणाला, पुढे वाचा. दुसऱ्या गटाला घड्याळाची अट नव्हती, त्यांचं उतरलं ६.३. आणि दोन्ही गटांना मोजून मापून खायला घातलं होतं, पुरुषांना १५०० ते १८०० कॅलरी, बायकांना १२०० ते १५००. हाही फरक धरण्याजोगा नाही, असंच संशोधकांनी लिहिलंय. घड्याळामुळे ताटातलं कमी झालं तर वजन उतरतं, ताट तेच राहिलं तर घड्याळ नुसतं वेळ दाखवतं. काही जणांना कॅलरी मोजण्यापेक्षा घड्याळ सोपं जातं, तो फायदा आहेच. पण सव्वाबाराला मिसळ, दोनला डबा, पाचला वडापाव, सातला परत डबा, हे आठ तासांत बसवायला उपास लागत नाही, नियोजन लागतं. आणि ते नानांकडे आहे.

घरी आजी. नानांच्या मातोश्री. वय ८३, बांधा काठीसारखा. नाना त्यांच्यापुढे बसून सांगायला लागले, "आई, उपाशी राहिलं की पेशी स्वतःतला कचरा स्वतःच खातात. ऑटोफॅजी. योशिनोरी ओसुमी म्हणून जपानी शास्त्रज्ञ आहेत, २०१६चं नोबेल मिळालं त्यांना यावर."

"बरं. ते किती दिवस उपाशी होते?"

"ते नव्हते, आई. यीस्ट उपाशी होतं. त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं."

"म्हणजे यीस्टने उपास केला, बक्षीस त्यांना, आणि नाचतोयस तू."

आजींचं म्हणणं, यात नवीन काय? श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडतात. चातुर्मासात एकभुक्त राहतात. समोरचं जैन कुटुंब वर्षानुवर्षं सूर्यास्ताच्या आत जेवून उठतं, त्यांच्या फोनात कुठलं ॲप नाही. नानांचा सोमवार आणि गुरुवारही होताच, देवाचा. डॉ. मायकेल मोस्ली यांनी २०१२ साली लंडनच्या बीबीसीवर दाखवलेला पाच-दोन म्हणजे तेच : पाच दिवस नेहमीसारखं, दोन दिवस अगदी कमी. त्या दोन दिवसांत पुरुषाला ६०० कॅलरी.

(डब्याचा एक पूड उघडून प्रेक्षकांना दाखवतो.)

आता हे बघा. नानांचा गुरुवार. शंभर ग्रॅम साबुदाणा, कोरडा, म्हणजे साधारण ३५० कॅलरी, जवळजवळ सगळं पिष्ट. मूठभर कूट, १७० तरी. चमचाभर तूप, शंभराच्या वर. एका बशीत मोस्लींचा दिवस संपला. नाना बशी दोनदा घेतात, आणि वर बटाट्याचा कीस.

आणि मंडळी, या बशीचा पासपोर्ट कधी बघितलात? साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. रताळं, मिरची तिकडचीच. राजगिरा मेक्सिकोच्या बाजूचा. कोलंबस १४९२ला निघाला नसता, पोर्तुगीजांनी १५१०ला गोवा घेतला नसता, तर आपल्या एकादशीला उरली असती भगर, शिंगाडा आणि केळं. ज्ञानेश्वर माउलींच्या तेराव्या शतकात एकाही वारकऱ्याने खिचडी खाल्लेली नाही. गहू चालत नाही, ज्वारी चालत नाही, हजारो वर्षं इथे पिकणारी डाळ चालत नाही, आणि जहाजातून उतरलेली सगळी मंडळी सोवळ्यात!

पोरग्याने हे आजींना सांगितलं. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे सत्तर वर्षं मी ब्राझीलचा उपास केला?"

हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट मध्ये घडली. तळमजल्यावरचे काका, तेच पिंपंवाले, मधुमेही. साखरेची गोळी चालू, ग्लिमेपिराइड. नानांचं बघून त्यांनीही सोळा-आठ धरलं. गोळी मात्र सकाळी आठला, नेहमीसारखी. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते विचारत नाही, ती इन्सुलिन सोडायला लावते. अकराच्या सुमाराला काकांचे हात थरथरायला लागले, बनियन घामाने भिजलं, बोलणं तुटक. माईंनी ओळखलं. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. नाना म्हणाले, "अजून एक तास आहे विंडोला..." माईंनी नानांकडे नुसतं बघितलं. त्या नजरेनेही नानांची थोडी चरबी जळाली असेल.

डॉक्टरीणबाई काकांवर चिडल्या. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असतील तर आधी आम्हाला विचारायचं, डोस बदलावा लागतो. गरोदर बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी तर या फंदात पडूच नये. मग त्यांची नजर नानांवर गेली. "तुमची कंबर किती?"

"चौतीस," नाना म्हणाले. "पँट चौतीसचीच येते."

(टेप काढतो. आधी पोटाखाली, पट्ट्याच्या जागी धरतो.)

ही नानांची चौतीस. पोट वर, पट्टा खाली. बाईंनी टेप घेतली, शेवटची बरगडी चाचपली, खाली कमरेचं हाड चाचपलं, आणि दोन्हींच्या मध्यावर गुंडाळली. (टेप वर सरकवतो. पुरत नाही. श्वास घेतो. तरी पुरत नाही.) नानांनी श्वास रोखला. बाई म्हणाल्या, "सोडा. मला वेळ आहे." १०४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९०च्या पुढे धोका, बाईला ८०च्या.

नाना म्हणाले, "पण मी हातापायाने बारीक आहे."

"तेच तर," बाई म्हणाल्या. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात किती साठा असू शकतो हे याज्ञिकांनी स्वतःलाच उभं करून दाखवलं. बाईंनी नानांना लिहून दिलं : डाळ-उसळ वाढवा, भात-साखर कमी, रोज चाला, थोडे व्यायाम वजनांचे, आणि आठच काय, दहा तासांची विंडो ठेवलीत तरी चालेल, मीठ बघणं बंद.

नानांनी यातलं एक काटेकोर पाळलं. विंडो.

आणि आली ज्येष्ठातली संकष्टी.

(कालनिर्णयासमोर जातो, चष्मा कपाळावर, बोट तारखेवर.)

चंद्रोदय रात्री दहा! विंडो बंद आठला. आजींचे उकडीचे मोदक तयार, एकवीस, केशर लावून, तूप पातळ करून. गणपती म्हणतोय चंद्राआधी खायचं नाही, नाना म्हणताहेत आठनंतर खायचं नाही. दोघांचं ऐकायचं तर नाना थेट उद्या दुपारी बारापर्यंत उपाशी. गच्चीत सगळे जमलेत. ढग बाजूला झाले, चंद्र दिसला, आजींनी अर्घ्य दिलं. नाना बोटांवर काहीतरी मोजत होते. एकदम चेहरा उजळला.

"आई, वाढ! हे सगळं सुरू कुणी केलं? लंडनच्या मोस्लींनी. लंडनमध्ये आत्ता संध्याकाळचे साडेपाच! विंडो उघडी आहे!"

आजींनी मोदकांचं ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "खा हो. पण लंडनला जेवतोयस ना, मग भांडीही तिकडेच घासून ये."