पाखरूतात्या

बिडकीनच्या चहाच्या टपरीवर सकाळी सकाळी प्लॉटचे भाव निघतात. ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीत कुणाची जमीन गेली, मोबदला किती आला, कुणी गाडी घेतली. विषय रंगात आला की पाखरूतात्या खिशातून काड्यापेटी काढतात. तात्या विडी ओढत नाहीत. पेटीत गुलाबी बोंडअळीचे मेलेले पतंग असतात.

"हे बघा," म्हणत एक पतंग तळहातावर ओततात. दिसायला भुईमुगाच्या टरफलाचा चुरा! लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, रंग मातकट, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागच्यांना झालर. "एवढासा जीव, पण ह्याच्या लेकरांनी 2017 साली बीटी कपाशीच्या नाकावर टिच्चून बोंडं खाल्ली!" तात्यांना ह्या पाखराचा राग आहे की अभिमान, हे गावाला अजून कळलेलं नाही. टपरीवाला तेवढा ग्लास लांब सरकवतो.

पाखराचं बिऱ्हाड तात्यांना तोंडपाठ. दिवसा पऱ्हाटीच्या बुडाशी ढेकळांत, पाचोळ्यात दडायचं. रात्री उडायचं, अंडी घालायची. अळी बोंडात शिरते, मागचं भोक बुजतं, बोंड वरून आपलं हिरवंगार. फुलात शिरली तर पाकळ्या आतून विणून टाकते, तीच डोमकळी. आणि उन्हाळाभर दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोप काढते.

पहाटे दुसऱ्यांच्या वावरातले कामगंध सापळेही तात्याच मोजतात, न विचारता. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, म्हणून पिशवीत पडतात ते सगळे नर. "बाईपायी गेले बिचारे," पोरं फिदीफिदी हसतात. तात्या हसत नाहीत. "एका सापळ्यात रोज आठ, असे सलग तीन दिवस पडले की फवारा. तोवर औषधाला हात लावायचा नाही."

भाषणाचा शेवट ठरलेला : फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेली पऱ्हाटी, घेऊ नका, अळी तिच्यावरच जगते.

मार्चमध्ये तात्यांच्या वावरात जावं, तर पऱ्हाटी ताठ उभी, वर पाणी चालू! विचारलं तर म्हणतात, "दोन क्विंटल निघतोय की अजून. अन् अभ्यासाला पाखरं कुठून आणू?"

तात्यांचं सोडा. तुम्ही डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटाच. आणि उपटलेली बांधावर रचून ठेवू नका. वाळक्या बोंडांतही अळी झोपलेली असते.