घर्षण नगण्य धरा

तळेगाव दाभाड्यात फिजिक्सचे सर ओळखायला नाव लागत नाही. टपरीवर आधण उकळू लागलं की "हे १०० अंश नव्हेत" असं जो गृहस्थ म्हणतो, तेच सर. गाव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून उंच, त्यामुळे इथलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. टपरीवाला हे रोज ऐकतो आणि रोज विचारतो, "आणि उधारी किती अंशांना उकळते, सर?"

देहूरोडपासून चाकणपर्यंत गावोगावी असे एक तरी सर असतातच. सकाळी ज्युनियर कॉलेज, संध्याकाळी क्लास. त्यांच्या जगात दोरीला वजन नाही, कप्पीला घर्षण नाही, हवेचा विरोध तर नाहीच. स्वतः मात्र चाकण रस्त्यावर कंटेनरमागे तासभर अडकतात, घामाघूम होऊन वर्गात येतात आणि फळ्यावर लिहितात, 'घर्षण नगण्य धरा.'

स्टेशनवर न थांबणारी एक्स्प्रेस भोंगा देत गेली, की बाकीचे मागे सरकतात, सर पुढे. ताशी १०० किलोमीटरने गाडी समोरून गेली की भोंग्याचा सूर जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर उतरतो. सर तो गाऊन दाखवतात. डॉप्लर पोरांना कळतो. सरांचा गळा कसा आहे, हेही कळतं.

प्रिझम फोडणाऱ्याला दंड नाही. त्याला इतिहास ऐकावा लागतो. १९०८ साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून काच कारखाना याच गावात निघाला, आणि तू काच फोडतोस? यापेक्षा दंड बरा, असं पोरांचं मत आहे.

पण सरांना खरा रंग चढतो पालकसभेत. एकदा फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले एक पालक वैतागून म्हणाले, "सर, मी रोज टॉर्क रेंचने नट आवळतो. माझ्याच पोराला टॉर्क कळंना?" दुसरा कुणी असता तर पोराच्या मोबाइलवर घसरला असता. सरांनी त्यांनाच फळ्यापुढे उभं केलं. पान्याचा दांडा लांब धरला की जोर कमी का लागतो, ठरलेला टॉर्क आला की रेंच 'कट्' कसा वाजतो, सगळं त्या माणसाने हातवारे करून सांगितलं. पोरगा पहिल्यांदाच बापाकडे वहीतून मान वर काढून बघत होता. सर शेवटच्या बाकावर बसून 'न्यूटन-मीटर म्हणा, न्यूटन-मीटर' एवढंच पुटपुटत होते.

प्रॅक्टिकलला मात्र सर फौजदार होतात. लंबकावरून 'जी' काढायचा, तर सगळ्या जर्नलांत ९.८१. "हे पॅरिसचं उत्तर आहे! आपल्याकडे ९.७८ च्या आसपास येतं. लंबक तळेगावात हलवलात की पॅरिसला?" सेकंदकाट्याचं घड्याळ, हाताने मोजलेली आंदोलनं आणि दशांशाच्या दुसऱ्या घराचा हट्ट! एकाच मुलीने प्रामाणिकपणे ९.४ लिहिलं होतं. तिला पैकीच्या पैकी मिळाले. ९.८१ वाल्यांना सगळं परत.

"पण सर, पेपरात काय धरायचं?"

सर जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "९.८. आणि घर्षण नगण्य."