पहिली आवृत्ती, स्वखर्चाने

जामसंड्यातून हापूसची पेटी वाशीला गेली की दलाल हमाली, भाडं कापतो. पण उरलेल्या पैशांची पट्टी येते. कवितांची वही मात्र पुण्यामुंबईला गेली की उलट प्रकाशकच पट्टी पाठवतो: कागद, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन इतके, आधी भरा. प्रस्तावना मान्यवरांची, त्यांनी पुस्तक वाचलंच पाहिजे, अशी अट नसते. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं, तरी त्याचीही ओळ बिलात सापडते. सरस्वतीवर जीएसटी किती, एवढंच विचारायचं राहतं.

मग तीनशे प्रती एसटीने घरी येतात आणि खाटेखाली अढी लागते. फरक एवढाच की आंबा पिकतो.

प्रकाशनाला आमदार उशिरा येतात, पुस्तक उलटं धरतात आणि रस्त्यांवर बोलतात. गाववाले आपुलकीचे. ‘पुस्तक काढलंस? मगे माका एक दी मरे, वाचूक,’ असं हक्कानं म्हणतात. आंबे मात्र कोणी फुकट मागत नाही; त्यांचा भाव सगळ्यांना ठाऊक.

विकत न घेणाऱ्यांत सरकारही आलंच. 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत धाडायची असते. इथे ‘स्व’ म्हणजे अर्थातच कवी.

मालगुंडचे केशवसुत यातून सुटले. त्यांचा संग्रह 1905 साली त्यांचं निधन झाल्यावर निघाला. खाटेखाली जागा करावी लागली नाही.