सहलीचे सचिव

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सुरनीस, म्हणजेच सचिव, या अधिकाऱ्याकडे मोठे नाजूक काम असे. राज्यातून बाहेर पडणारे पत्र डोळ्यांखालून घालावे, त्यातला अधिकउणा मजकूर नीट करावा, महालांचे आणि परगण्यांचे हिशेब तपासावेत, आणि सारे यथास्थित असल्याची खात्री पटल्यावरच कागदावर आपले चिन्ह करावे, हा त्याचा शिरस्ता. राजाराम महाराजांच्या अमदानीत हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले, 1697 च्या सुमारास भोरच्या संस्थानाचा पाया पडला, आणि 1948 साली ते विलीन होईपर्यंत अडीचशे वर्षे राजगड-तोरण्याच्या कुशीतला हा मुलूख पंतसचिवांच्या दप्तराखाली नांदला. इतका काळ एखाद्या जमिनीत कागद मुरत राहिला, तर तिथे भातानाचणीखेरीज आणखीही काही उगवणारच. भोर-वेल्ह्याकडच्या बहुतेक गावांत असा एक गृहस्थ सापडतो, की ज्याचा पंतांच्या कुळाशी काडीचाही संबंध नसतो, परंतु कार्याचा कागद आपल्या नजरेखालून गेल्यावाचून ते कार्य सिद्धीस गेले असे मानण्यास ज्याचे मन धजत नाही. लग्नातल्या मानपानाची यादी, जत्रेची वर्गणी, विहिरीवरच्या पंपाच्या पाळ्या ही त्याची किरकोळ खाती होत. त्याचे खरे तेज फाकते ते सहलीच्या बेतात.

राजगडाच्या पायथ्याच्या पालीत या पदावर सध्या नाना आहेत. एका सरकारी खात्यात हयातभर कारकुनी करून ते सेवानिवृत्त झाले. खात्याने त्यांना निरोप दिला, पण टिपण, मसुदा, शेरा आणि फेरतपासणी यांनी त्यांना निरोप दिला नाही. सहलींचे कागद ते तांबड्या खारव्याच्या रुमालात बांधून फडताळात ठेवतात, प्रत्येक मसुद्याच्या अखेरीस ‘मोर्तब सुद’ असे वळणदार अक्षरांत लिहितात, आणि तो रुमाल सोडण्याचा अधिकार घरात दुसऱ्या कोणासही नाही. नानी म्हणतात, “माझ्या दागिन्यांचा डबा उघडाच असतो, ह्यांचा रुमाल मात्र बंदोबस्तात.”

हा छंद त्यांना कसा जडला, याचे कारण गावाच्या स्थानात आहे. पाली दरवाजाची वाट राजगडाच्या इतर वाटांपेक्षा रुंद आणि पायऱ्यांची, त्यामुळे पुण्यामुंबईकडील मंडळी शनिवारी अपरात्री पाठीवर बोचकी घेऊन गावात उतरतात, मोबाइलमध्ये नकाशा ठेवलेला असतो आणि मोबाइलला रेंज नसते, विजेरीचे सेल घरी राहिलेले असतात, आणि रात्रीच्या त्या प्रहरी ती नानांच्या ओट्याशी येऊन वाट विचारतात. नाना वाट सांगण्यापूर्वी त्यांचा कार्यक्रम विचारतात. परतायचे कधी, पाणी किती, पिठलेभाकरीची वर्दी दिली काय, आणि मंडळींचा मुखत्यार कोण, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी टोळी अद्याप पालीत उतरायची आहे. सारे जग उठून आपल्या गावी सहलीस येते आणि तेही इतक्या गलथानपणे, तेव्हा आपल्या गावाने कोठे तरी सहलीस जावे आणि ती कशी काढतात हे जगास एकदा दाखवून द्यावे, ही ईर्षा त्यांच्या मनात बळावली असेल तर त्यात नवल ते काय? डोंगर घरचेच, म्हणून समुद्र. आणि समुद्र म्हटला की नानांच्या लेखी तो उत्तर कोकणचा, कारण सावित्रीच्या मुखापलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो आणि तो निराळ्या रुमालाचा विषय आहे.

मूळ मसुद्याची व्याप्ती पाहिली म्हणजे पेशवाईतल्या मुलूखगिरीची आठवण व्हावी. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांपासून प्रारंभ करून डहाणू, केळवे, अर्नाळा या मार्गाने चिमाजी आप्पांनी 1739 साली घेतलेल्या वसईस यावे. तेथून मुंबईत उतरून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस गाठावे. मग अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड असे खाली सरकत जंजिरा पाहावा. आगरदांड्यास गाडीसकट फेरीबोटीत चढून दिघीला उतरावे. दिवेआगर आणि पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन करून हरिहरेश्वरी देवदर्शन घ्यावे, आणि बागमांडल्यावरून खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला नुसत्या डोळ्यांनी पाहून म्हसळा, माणगाव, महाड आणि वरंध घाट या वाटेने स्वगृही परतावे. एकही मुक्काम हवेतला नव्हता. प्रत्येकापुढे अंतर, पोहोचण्याची घटिका आणि पाण्याची सोय नोंदलेली होती.

हा मसुदा मारुतीच्या देवळात वाचला गेला आणि सभा म्हणजे काय चीज असते, हे नानांना पुन्हा एकदा कळून चुकले. माळकरी मंडळींनी मासळीच्या वासाविषयी शंका काढली. बाकीच्या मंडळींनी मासळी नसेल तर समुद्रावर जायचे कशाला, अशी उलटशंका काढली. मास्तरांना सिद्दीच्या तोफा मुलांना दाखवायच्या होत्या, तर पोरांना काशीदच्या वाळूपलीकडे काही नको होते. वडीलधाऱ्या बायकांनी वाटेत बल्लाळेश्वराचे दर्शन झालेच पाहिजे असा हट्ट धरला, आणि डहाणूपर्यंत जाऊन यायचे तर म्हशींच्या धारा कोण काढणार, हा जो एक सवाल मागच्या रांगेतून आला त्याने पालघर जिल्हा समूळ उडाला. नानांनी त्या ओळींवर एक तिरकी रेघ मारली आणि समासात ‘तूर्त तहकूब’ असे लिहिले. रद्द हा शब्द त्यांच्या दौतीत नाही.

तिथी ठरवण्याचे प्रकरण याहून बिकट. आषाढ-श्रावण बाद, कारण लावणी, वरंध घाटातल्या दरडी आणि किल्ल्यांच्या बंद होड्या. भाद्रपदात गणपती आणि पितर. आश्विन-कार्तिकात सण आणि भातकापणी. मार्गशीर्षात बायकांचे गुरुवार. पौषात म्हाताऱ्या उंबरठा ओलांडू देत नाहीत. फाल्गुनापासून लग्नसराई आणि ऊन. राहता राहिला माघ. त्यातही सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि एकादशी हे दिवस मासे खाणाऱ्यांनीच आपखुशीने वगळले, कारण खाण्याची बंदी असलेल्या दिवशी समुद्राचे दर्शन घेणे त्यांना जिवावर येत होते. आणि या साऱ्यांवर ताण म्हणजे खुद्द समुद्राचे वेळापत्रक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटीत पायी जाता येते, हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही खडकांवरून ओहोटीतच करायची, भलत्या वेळी तिथे उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. भरती दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. नानांनी पंचांग उघडले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी कोठून तरी पैदा केला होता. अष्टमीची पाऊणपट सहा. सहाला भरती, तर भर बाराला ओहोटी. नवमीची पावणेसात, म्हणजे एकच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस दुपारी कुलाबा, नवमीस दुपारी हरिहरेश्वर, मध्ये मुरूडचा मुक्काम! हे गणित जमले त्या रात्री नाना झोपले नाहीत असे नानी सांगतात. माघ शुद्ध अष्टमी मुक्रर झाली.

पुढचे काही आठवडे नानांच्या आयुष्यातला परमानंदाचा काळ होता, आणि तो त्यांनी पुरवून पुरवून भोगला. गाडीत कोणाला मळमळते याची स्वतंत्र यादी झाली, त्यांना पुढच्या आसनांचे हुकूम सुटले. जंजिऱ्यापुढून शिवछत्रपतींच्या आणि संभाजीराजांच्याही मोहिमा परत फिरल्या, त्या जंजिऱ्याला नानांनी राजपुरीच्या शिडाच्या होडीतील येण्याजाण्यासह दीड तास मंजूर केला, आणि कलालबांगडी तोफेपाशी उभे राहून छायाचित्र काढण्यास त्यातून दहा मिनिटे वेगळी तोडून दिली. मुरूडच्या खानावळवाल्याशी दूरध्वनीवर झालेले संभाषण मी स्वतः ऐकले आहे. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, “पाली म्हणजे गणपतीची ना?” यावर कोणीही शहाणा माणूस ‘नाही’ म्हणून पुढे गेला असता. नानांनी त्याला सांगितले, की गणपतीची पाली सुधागड तालुक्यातली, हा सुधागड तालुकाही पूर्वी भोर संस्थानातच मोडत असे, सबब दोन्ही पाली एकाच धन्याच्या. मात्र आपली पाली घाटावरची, राजगडाखालची, वेल्हे तालुक्यातली, ज्या तालुक्याला सरकारने आता राजगड हे नाव दिले आहे. आणि तेव्हा नोंद करताना— इथवर येईतो पलीकडून केवळ टूंटूं असा आवाज येत होता. नानांनी कागदावर शेरा मारला: ‘इसम उतावळा. जेवण चांगले असावे.’

आणि अखेर मंडळी निघाली. पहाटे चारला गाडी सुटली, तीही चारलाच. हे या तालुक्याच्या इतिहासात नमूद व्हावे. खोपोलीवरून पालीत, म्हणजे दुसऱ्या पालीत, दर्शन झाले, वाकण-नागोठणे मागे पडले, आणि बाराला काही मिनिटे असताना गाडी अलिबागच्या किनाऱ्यावर उभी राहिली. नाना प्रथम उतरले. समोर पाण्यात कुलाबा किल्ला होता. ‘पाण्यात’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो, कारण किल्ला आणि नाना यांच्यामध्ये मांडीच्या वर पोहोचेल असे पाणी संथपणे हेलकावत होते, आणि ओहोटीत प्रवाशांना किल्ल्यावर पोहोचवणाऱ्या घोडागाड्या वाळूवर स्वस्थ उभ्या होत्या. नानांनी घड्याळ पाहिले, पंचांग पाहिले, पुन्हा घड्याळ पाहिले. जाळे निवडत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने त्यांची ती अवस्था बराच वेळ न्याहाळली.

“ओहोटी झाली नाही का अजून?” नानांनी विचारले.

“झाली की. हीच ओहोटी.”

“मग पाणी?”

“आज आठमी ना, दादा. भांगाचं पाणी. आटतं, पण फार नाय आटत. पुनवेला नायतर अवसेला या. उधाणाला पाणी चढतं पण तसं नि उतरतं पण तसं.”

वेळ बरोबर होती. पाण्याची खोली मात्र मसुद्यात धरायची राहिली होती. चंद्र-सूर्य एका रेषेत आले म्हणजे उधाण आणि ते काटकोनात असले म्हणजे भांग, हे शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच घोकलेले असते, आणि परीक्षेनंतर ते नेमके अलिबागेस आठवते. माझी अपेक्षा अशी होती, की या आघाताने नाना खचतील. मंडळींनीही तोंडे लांब करण्याची तयारी केली होती. पण नानांच्या चर्येवर एक विलक्षण प्रसन्नता पसरू लागली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कोळ्याशेजारी वाळूवर बैठक मारली. “पुनवेला ओहोटी किती वाजता लागते?” “पहाटे सहाच्या सुमारास नि परत संध्याकाळी.” “म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम अलिबागेतच हवा?” “हवाच.” “आणि थंडीत पहाट अंधारी, तेव्हा कंदील?” कोळ्याने जाळे खाली ठेवले. आपल्या उभ्या जन्मात आपल्याला कोणी इतक्या आस्थेने प्रश्न विचारलेले नाहीत, असा भाव त्याच्या मुद्रेवर होता.

इकडे पोरांनी लाटांत धुडगूस घातला, बायकांनी पांढऱ्या कांद्याच्या माळा भाव करकरून घेतल्या, माळकऱ्यांनी शहाळी फोडली आणि बाकीच्यांनी ज्याची आस धरली होती ते तळलेले पापलेट यथेच्छ हाणले. नाना दोन तास समुद्राकडे पाठ करून लिहीत होते. पुढल्या दीड दिवसाचा वृत्तान्त सांगण्यात फारसा अर्थ नाही. जंजिरा झाला, काशीद झाले, हरिहरेश्वरी देवाचे दर्शन मिळाले, प्रदक्षिणा राहिली. परतीच्या वाटेवर वरंध घाटात वाघजाईपाशी कांदाभजीही झाली. सर्वांना सहल उत्तम वाटली. या काळात नानांचे चित्त मात्र थाऱ्यावर नव्हते, कारण चालू असलेली सहल हे त्यांच्या दृष्टीने निकालात निघालेले प्रकरण होते, आणि निकालात निघालेल्या प्रकरणात कोणता जिवंत कारकून रस घेतो?

नव्या मसुद्याचे काम सांप्रत चालू आहे. पौर्णिमा धरल्याने मुक्काम वाढले आहेत, मुक्काम वाढल्याने म्हशींच्या धारांसाठी बदलीचा माणूस शोधणे प्राप्त झाले आहे, आणि बदलीचा माणूस मिळणारच असेल तर ‘तूर्त तहकूब’ ठेवलेल्या डहाणूचा फेरविचार का करू नये, असे एक टिपण मी गेल्या आठवड्यात त्यांच्या रुमालात पाहिले.

वाचकांपैकी कोणास उत्तर कोकणच्या किनाऱ्याची सहल काढायची असल्यास त्यांनी नानांचा मसुदा जरूर मागवावा, तो ते विनामूल्य आणि चार प्रतींत देतात. तिथी तेवढी एखाद्या कोळ्याला विचारून घ्यावी. आणि पत्र पाठवाल तर पत्त्यात पालीपुढे ‘तालुका राजगड (वेल्हे), जिल्हा पुणे’ हे ठळक अक्षरांत लिहावे, नाहीतर ते बल्लाळेश्वराच्या पायाशी जाऊन पडेल आणि नानांना नाहक दुसरा रुमाल सोडावा लागेल.