परवानाभाऊ

दुकान म्हणजे माल, गिऱ्हाईक आणि उधारीची वही, असं ज्याला वाटतं त्यानं यवतमाळच्या दत्त चौकात परवानाभाऊंच्या शेजारी चहा घेऊ नये. ‘भाऊ, किराणा टाकतो म्हणतो,’ एवढं तोंडातून निघायचा अवकाश, भाऊ कप खाली ठेवतात. ‘टाक ना. काट्यावर शिक्का मारून आणला काय? अन् इलेक्ट्रॉनिक असला तं दरसाल मारा लागते, मालूम हाय ना?’

असा भाऊ पुसदला आहे, वणीला आहे, दारव्ह्यालाही आहे. पन्नाशी उलटलेली, खिशाला दोन पेन, बगलेत पिशवी. पिशवीत आधारच्या झेरॉक्स, भाडेचिठ्ठी, नगर परिषदेची कर पावती आणि केस काळे असतानाचे पासपोर्ट फोटो. स्वतःचं दुकान टाकायचं त्यांच्या मनात फार वर्षांपासून आहे. परवाना मिळेना म्हणून ते अडलं, असा गावाचा समज. खरी भानगड उलटी आहे. परवाने मिळत जातात. एक हातात पडला की भाऊ दुसरा हुडकून काढतात.

सरकारनं त्यांना एकदाच दुखावलं. 2017 च्या नव्या दुकाने कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला ‘गुमास्ता’ म्हणतात ती नोंदणीच ठेवली नाही, नुसती सूचना दिली की झालं. ‘सूचना? अन् गुमास्ता?’ भाऊ दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. पुढे 2022 मध्ये छोट्या दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती झाली, तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला.

पण भाऊंचा जीव कृषी केंद्रात. कापसाच्या जिल्ह्यात दुसरं काय असणार! बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा तर वेगळाच. गोदामाचा पत्ता त्यात हवा, आणि ज्या कंपनीचं खत किंवा औषध विकायचं तिचं उगम प्रमाणपत्रही. खताचं ते ‘ओ फॉर्म’, औषधाचं ‘पीसी’; हे शब्द भाऊ देवाच्या नावासारखे घेतात. कीटकनाशकाला शिकलेला माणूस लागतो, तिथे भाऊंचं घोडं अडतं. या एका अटीची थट्टा ते कुणाला करू देत नाहीत. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात शेतकरी-मजूर दगावले. ‘कोणतं औषध कशात मिसळू नोको, हे सांगाले दुकानात कोणी तं पायजे,’ एवढंच बोलतात. यात ते बरोबर आहेत.

पुतण्या बीएस्सी ॲग्री झाला, घरबसल्या ऑनलाइन अर्ज केले आणि मृगाच्या तोंडावर शटर उघडून मोकळा झाला. भाऊ उद्घाटनाला आले, पेढा हातातच धरून भिंतीवरचे तिन्ही परवाने वाचले. ‘साहेबाले भेटलाच नाही तू? बाप्पा!’

आता ते रोज तिथेच असतात, खताच्या मशीनपाशी. पोतं हवं तर आधार नंबर द्या, अंगठा लावा. अंगठा उमटला की भाऊ पडल्या चेहऱ्यानं पोत्याकडे बोट दाखवतात. नाही उमटला की खुर्ची पुढे ओढतात: ‘बसा काकाजी. चहा सांगतो. घरच्या कोणाचं आधार आणलं काय?’