बावीस क्रमांकाचे सदावर्त

नेरुळच्या आमच्या सोसायटीत दूधवाल्यालाही नाव, मोबाइल क्रमांक व प्रयोजन रजिस्टरात दाखल केल्यावाचून प्रवेश नसतो. मात्र कॅमेरे सांभाळणाऱ्या, पत्त्याच्या पानाएवढ्या लिनक्स संगणकाचे, दुरून प्रवेश देणारे २२ क्रमांकाचे पोर्ट अखिल विश्वास अहोरात्र खुले असून, ‘पाय’ हे नाव व ‘रास्पबेरी’ हा मूळचाच पासवर्ड समितीने वडिलोपार्जित इनामासारखा जतन केला आहे. २०१७ साली ‘नॉटपेट्या’ या घातक संगणकीय प्रणालीने न्हावा-शेवा बंदरातील एक टर्मिनल ठप्प केले, तरी हे औदार्य ढळले नाही. ‘यूएफडब्ल्यू’ या फायरवॉलच्या एका आज्ञेसरशी बाहेरून येणारे सारे अडते, असे सुचविणाऱ्या उद्धट तरुणास समज देण्यात आली. काल रजिस्टर संपल्याकारणाने वॉचमनने दूधवाल्यास रीतसर अडविले. तेव्हा त्याने मोबाइलवर आमचाच कॅमेरा उघडून, कोरे रजिस्टर कार्यालयातील कोणत्या कपाटावर आहे, ते अदबीने सांगितले.